दुसरा डीपी

मोहल्ल्यात ‘डीपी उडाली’ म्हटलं की लहान पोरालाही कळतं, ट्रान्सफॉर्मरवर काहीतरी झालंय, आता दोन तास लाइट नाही. महापालिकेतही एक डीपी असतो. डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजे विकास आराखडा. पहिली डीपी उडाली की शंभर जण रस्त्यावर. दुसरा बघायला कोणी जात नाही. आणि माझं म्हणणं, पहिली उडते ती बरीचशी दुसऱ्यामुळेच.

हिशोब करा. आमचं गाव यंत्रमागाचं. घरामागे 24 मागांचा कारखाना होता. एका मागाची मोटर साधारण एक हॉर्सपॉवरची, म्हणजे पाऊण किलोवॅट. सगळे मिळून 18. तो पाडून 24 फ्लॅटची इमारत उभी राहिली. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास खातो. निम्म्या घरांत एसी आले की झाले तेवढेच 18. गीझर, पंप, लिफ्ट वेगळे. अशा नऊ इमारती झाल्या, ट्रान्सफॉर्मर तोच.

मागच्या रमजानमध्ये ऐन तरावीहला तो बसला. लाइनमन म्हणाला, “नवीन मंजूर आहे हो, पण ठेवू कुठे?” गल्लीत रिक्षा वळत नाही. लाइट सगळ्यांना हवी, ट्रान्सफॉर्मर कुणालाच आपल्या भिंतीला नको. अब्बांनीही हात जोडले.

नगरसेवक म्हणाले, “वीज हा कंपनीचा विषय.” साफ खोटं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 22 वाचा. आराखड्यात काय असावं त्या यादीत पाणी, सांडपाण्यासोबत वीजही आहे. यंत्र कंपनी आणेल, पण जागा राखून ठेवायची ती आराखड्यातच. इमारतींना परवानग्या देताना वीज कुठून येणार हे कुणी विचारलं होतं?

भिवंडीत 2007 पासून, मुंब्रा-शीळ-कळवा आणि मालेगावात 2020 पासून वीजवितरण फ्रँचायझीकडे आहे. कंपनी कोणती असावी यावर आपण मोर्चे काढले, घसा बसेपर्यंत भांडलो. बिलाचं भांडण खरंच होतं. पण कंपनी बदलली म्हणून गल्ली रुंद होत नाही.

आपल्या वस्त्यांना डावललं जातं, हे मी नाकारत नाही. मात्र प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तेव्हा आपले कागद किती असतात? ही संधी गेली की पुढची कदाचित वीस वर्षांनी. स्टेटस टाकून हरकत नोंदली जात नाही. सर्व्हे नंबर, इमारती, भार, मोकळी जागा, असं लेखी द्यावं लागतं, पोच घेऊन. आयटीआयचे वायरमन, डिप्लोमावाले आपल्याकडे घरोघरी आहेत. आठवडाभराचं काम आहे.

आमच्या गल्लीची एक्सेल शीट मी केली आहे. ट्रान्सफॉर्मरसाठी शक्य जागांच्या यादीत पहिली ओळ अब्बांच्या भिंतीलगतची. त्यांना अजून सांगितलेलं नाही.