शिबंदी आणि स्वारी

ज्या विद्यार्थ्यांस महाजालावरील खेळांची गोडी आहे, त्यांस ‘ट्रॅव्हियन’ हें नांव नवें नाहीं. इ. स. २००४ मध्यें जर्मनींत हा खेळ निघाला. पालकांच्या माहितीकरितां एवढें सांगणें अवश्य आहे कीं, मूळ खेळांत प्रत्येकजण रोमन, गॉल किंवा ट्यूटन यांपैकीं एका जमातीचा नायक होतो. लांकूड, माती, लोखंड व धान्य यांच्या जोरावर एक खेडें वाढवितो. आणि त्याच नकाशावर वसलेल्या इतर खेळाडूंशीं सलोखा किंवा वैर करतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खेळणारा उठून गेला तरी खेळ थांबत नाहीं. मुलगा वर्गांत बसलेला असो कीं अंथरुणांत, शत्रूच्या टोळ्या चालतच असतात.

अशा खेळांत स्वारीचे शिपाई किती व शिबंदीचे किती ठेवावे, हा मुलांमधील नित्याचा वाद. बहुतेकांचें मन स्वारीकडे धांवतें, व राखणीचे भालाईत उभे करणाऱ्यास भित्रा म्हणून हिणविण्यांत येतें. हें मला अगदीं अमान्य आहे. माझ्या मतें हें प्रमाण कोणाच्या शौर्यावरून नव्हे, तर तो दिवसाचे किती तास झोंपेंत व शाळेंत घालवितो यावरून ठरलें पाहिजे. विधान चमत्कारिक वाटेल. म्हणून हिशेबच मांडतों.

ट्यूटनांचा स्वस्तांतला शिपाई म्हणजे ‘क्लबस्विंगर’, अर्थात् सोटेवाला. याचें हल्ल्याचें बळ ४०. बचावाचें बळ पायदळाविरुद्ध २०, आणि घोडदळाविरुद्ध अवघें ५. गॉलांच्या ‘फॅलँक्स’ या भालाइताचें याच्या उलट: हल्ला १५, बचाव पायदळाविरुद्ध ४० व घोडदळाविरुद्ध ५०. १०० सोटेवाले चालून गेले तर त्यांचें बळ ४,०००; तेच १०० आपल्या खेड्यांत स्वस्थ बसले असतां शत्रूचे स्वार आले तर बळ ५००! चढाईचें सैन्य घरीं असतांना निव्वळ भक्ष्य असतें. जाणता खेळाडू म्हणूनच शत्रू येण्याच्या क्षणापूर्वीं तें बाहेर धाडतो आणि छापा संपल्यावर परत आणतो. छापा केव्हां पोंचणार ती वेळ खेळांत दिसते. पण ती पाहण्यास डोळे उघडे हवेत. साध्या गतीच्या खेळांत सोटेवाले तासाला ७ घरें चालतात. ४२ घरांवरून रात्रीं १० वाजतां निघालेली टोळी पहांटे ४ ला वेशीवर हजर. याच पायीं गजर लावून अपरात्रीं उठणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत; दुसऱ्या दिवशीं बीजगणिताच्या तासाला त्यांची जी अवस्था होते तिचें वर्णन नको. गैरहजेरींत दुसऱ्यास राखणदार नेमण्याची सोय खेळांत आहे खरी. परंतु तो राखणदार बहुधा त्याच वर्गांतला, त्याच वेळीं झोंपणारा!

कोणी म्हणेल, मग निम्मे निम्मे ठेवावे. हा मार्ग दिसण्यांत समंजस, पण वस्तुतः सर्वांत वाईट. कारण स्वारीचा व शिबंदीचा नियम एक नाहीं. एका खेड्याच्या तटाआड चार मित्रांची कुमक उभी राहिली, तर ती सर्व मिळून एकच बळ म्हणून लढते, व तटाचा लाभ सर्वांस मिळतो. रोमनांचा कोट २० व्या पायरीपर्यंत बांधला तर बचाव सुमारें ८० टक्क्यांनीं वाढतो. उलट, चार खेड्यांतून निघालेल्या चार टोळ्या एकाच वेळीं पोंचल्या तरी चार निरनिराळ्या लढाया होतात, आणि एकेक करून सगळ्या कापल्या जातात. म्हणून शिबंदी वांटून ठेवली तरी चालते. स्वारीचें सैन्य मात्र एकाच ठिकाणीं जमविलें पाहिजे.

शाळेंत जाणाऱ्या मुलानें चारांतील तीन हिस्से शिबंदी ठेवावी, असें माझें मत आहे. उरलेला हिस्सा एका खेड्यांत जमवावा, आणि तो सुटीच्या दिवशीं बाहेर काढावा. यानें लूट कमी मिळेल, हें कबूल. शेजाऱ्यांस रात्रंदिवस लुटणारा ट्यूटन आरंभीं पुढें निघून जाईल, हेंही कबूल. तो जागा राहूं शकतो तोंवर त्याची आघाडी त्याला लखलाभ असो. पालकांनींही मुलाच्या हातून फोन हिसकावून घेण्यापूर्वीं त्याच्या गांवांत भालाईत किती आहेत याची चौकशी करावी. ते पुरेसे असले तर पहांटे उठण्याचें त्याला कारणच उरणार नाहीं.

शिबंदीलाही खर्च आहे, हें सांगावयाचें राहिलें. सोटेवाला असो वा भालाईत, प्रत्येकास ताशीं १ धान्य लागतें. १,००० शिपाई दिवसाला २४,००० फस्त करतात. कुमकेला गेलेले शिपाई यजमानाच्या कोठारांतून खातात, आणि कोठार रितें झालें कीं उपासमारीनें मरूं लागतात. तेव्हां मित्राच्या मदतीस ५०० भालाईत धाडावयाचे असतील तर त्याच्या घरीं दाणा किती आहे हें आधीं विचारून घ्यावें. तो शाळेंत भेटतोच; मधल्या सुटींत विचारलें तरी पुरे.