शाकारणी स्लॅबलाही हवी

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. बांधलेले घर राखून पाहावे, अशी म्हण मात्र कोणी केली नाही. कदाचित तिची गरजच पडली नसावी, कारण कौलारू घर मालकाला आळशी होऊच देत नसे. वैशाख सरू लागला की माणसे घरावर चढत. फुटकी कौले काढायची, मांजरांनी सरकवलेली जागेवर बसवायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा. ही शाकारणी दरवर्षी ठरलेली. पहिल्या सरीला कुठे थेंब पडलाच, तर खाली पातेले आणि वर दुसरे कौल. कौलांची गळती लपून राहत नसे.

मग स्लॅब आला. शहरात तर आलाच, पण भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावांतही स्लॅबची घरे उभी राहिली. त्यात गैर काहीच नाही. ज्या बाईने आयुष्यभर पावसाळ्यात अंथरुणे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवली, तिला स्लॅबचे मोल विचारावे. बिघडले ते एवढेच, की स्लॅबबरोबर एक समजूतही घरात शिरली. एकदा स्लॅब टाकला की जन्मभर वर पाहायला नको! कौले गेली त्यात दुःख नाही, पण कौलांबरोबर शाकारणीची सवयही गेली.

मग एके दिवशी छताला भेग दिसते. घरातल्या बाईला ती आधी दिसते, कारण ओट्यावर पडलेली भुकटी तीच पुसत असते. घरधनी म्हणतो, ‘गणपतीच्या आधी रंग काढायचाच आहे, तेव्हा बुजवून घेऊ.’ रंगारी येतो, पुट्टी भरतो. हौस असेल तर पीओपीचे नक्षीदार छत बसते आणि भेग कायमची नजरेआड होते. दुखणे वैद्याला दाखवायचे सोडून न्हाव्याकडून दाढी करून घ्यावी, तसला हा प्रकार.

प्रत्येक भेग जिवावरची नसते, हेही खरे. गिलावा वाळताना आकसतो आणि त्यावर केसासारख्या बारीक, जाळीदार रेषा उमटतात. त्यांना घाबरायचे कारण नाही. पण सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर भेगा दिसल्या, त्यांच्या कडेने तांबूस डाग उमटले, तर ते सळईचे बोलणे समजावे. चांगल्या काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण सिमेंटचा क्षारधर्म तिला कवच देतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरतो, तसे हे कवच उतरत जाते. वरून पाणी झिरपत असेल, किंवा खाडीची खारट रेती न धुता वापरली असेल, तर गंज आणखी लवकर धरतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागते. ती जागा काँक्रीट देऊ शकत नाही, म्हणून ते फुटते. प्रथम रेघ, मग फुगवटा, मग पोपडा आणि शेवटी उघडी सळई. वरून कितीही पुट्टी भरा, आतला गंज आपले काम करतच राहतो.

म्हणून भेग बुजवण्याआधी वाचायला शिकावे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. महिन्या-दोन महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली तर ती जिवंत आहे. काठीने छतावर हलकेच ठोकून पाहावे. पोकळ, बद्द आवाज आला तर तिथला थर सुटला आहे. त्याखाली पाळणा किंवा म्हाताऱ्या माणसाची खाट ठेवू नये. छज्जा किंवा बाल्कनी जिथे भिंतीतून बाहेर निघते, तिथे वरच्या अंगाला भेग असेल तर विशेष सावध राहावे. तिथली सळई वरच्या बाजूला असावी लागते, आणि स्लॅब भरताना कामगारांच्या पायाखाली ती अनेकदा खाली दबते. आणि खांबाला किंवा बीमला भेग पडली, छत मध्येच खाली झुकले, दार एकाएकी अडकू लागले, कडकड ऐकू आली, तर भांडीकुंडी गोळा करीत बसू नये. माणसांनी आधी बाहेर पडावे.

दुरुस्तीलाही क्रम असतो. पहिल्यांदा पाणी थांबवायचे, मग सुटलेले काँक्रीट काढून सळई घासायची, गंजरोधक लावायचे, त्यानंतर योग्य मसाला भरायचा. नेमके काय आणि किती, हे इंजिनिअरने सांगावे. गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवत राहणे म्हणजे थकलेल्या बैलावर आणखी एक पोते लादणे.

हे सारे सांगण्याचे कारण भिवंडीतच घडले आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. तीसहून अधिक जीव गेले. त्याआधी, २७ सप्टेंबर २०१३ ला मुंबईत डॉकयार्ड रोडला महापालिकेचीच इमारत पडून ६१ जण दगावले होते. म्हणजे मालक सरकारी असला तरी छत सुरक्षित असतेच असे नाही.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्रात महापालिका हद्दीतल्या तीस वर्षांवरील इमारतींची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. पण धोकादायक इमारतीवर नोटीस लागली तरी माणसे तिथेच राहतात. लोक त्यांना अडाणी म्हणतात. ते खरे नाही. त्यांना भेग दिसत असते, पण बाहेर पडून जायचे कुठे, हे दिसत नसते. मजुरी करणाऱ्या भाडेकरूकडे दुसऱ्या खोलीच्या अनामतीचे पैसे नसतात, आणि खोली सोडली तर हक्क जाईल ही धास्ती असते. पर्यायी निवारा आणि परत येण्याच्या हक्काचा लेखी शब्द न देता नुसती नोटीस चिकटवणे म्हणजे जबाबदारी झटकण्याची सोय आहे.

आणि खेड्याचे काय? महापालिकेची हद्द संपली की तो कायदाही थांबतो. गावातले घर बहुधा ओळखीच्या गवंड्याने बांधलेले असते, नकाशा त्याच्या डोक्यात. तिथे ऑडिटचे नावही कोणी काढत नाही. ग्रामपंचायतीने मे महिन्यात एक दिवस ठरवावा. पंचायत समितीच्या अभियंत्याला बोलवावे आणि शाळा, अंगणवाडी व जुनी स्लॅबची घरे त्याच्या नजरेखालून घालावीत. अशा एका दिवसाचा खर्च एका अपघातानंतर जाहीर होणाऱ्या मदतीपुढे काहीच नाही.

बाकीचे आपल्याच हाती आहे. पावसाळ्याआधी गच्ची झाडावी, पन्हळी मोकळ्या कराव्यात, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप उपटावे, टाकीचा गळता नळ बदलावा आणि खोलीखोलीतून एकदा मान वर करून छत पाहावे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपत असेल तर शेजाऱ्याशी अबोला धरण्यापेक्षा खर्च वाटून घेतलेला बरा, कारण त्याची जमीन तेच आपले छत असते. आपल्या आजोबांना कौलांवर चढावे लागत असे. आपल्याला फक्त वर पाहायचे आहे.