डिफेंडर म्हणजे नर्स नव्हे!

मंडळी, 'सिटी ऑफ हीरोज' हा सुपरहिरोंचा ऑनलाइन खेळ २००४ साली आला, २०१२ मध्ये बंद पडला. चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला. २०२४ च्या जानेवारीत 'होमकमिंग'वाल्यांना रीतसर परवानाही मिळाला. आमची नात त्यात डिफेंडर होते. तिला टोळीत घेताना पहिला प्रश्न ठरलेला, "हीलर आहेस ना?" नाही म्हटलं की नकार!

अरे, नावाचा अर्थ तरी बघा! डिफेंडर म्हणजे रक्षणकर्ता. तिच्याकडे फोर्स फील्ड आहे. बरोबरीच्या साध्या शत्रूचा वार लागण्याची शक्यता मुळात ५० टक्के. बचाव ४५ टक्क्यांवर नेला की ती उरते जेमतेम ५. जखमच झाली नाही तर मलमपट्टी कुणाला करायची? पण टोळी सुखरूप परतली की कौतुक पुढे घुसून हाणामारी करणाऱ्या स्क्रॅपरचं, आणि हिला विचारणार, "तू काय केलंस?"

(ज्या मास्तराच्या वर्गात मारामाऱ्या होत नसत, त्याला शाळेत म्हणायचे, "तुम्हाला बरा गरीब वर्ग मिळाला हो!")

नात म्हणते, "आजोबा, सरळ हीलर घेते, कटकट नको." मी म्हटलं, मुळीच घेऊ नकोस. शोधू दे त्यांना दुसरी!