‘भूक नाही’ म्हणणारी गुणी मुलगी

आमच्याकडे मुलीनं जेवण टाकलं तर तिला आजारी म्हणत नाहीत, गुणी म्हणतात. आधी सोमवार धरला, मग गुरुवार. रात्रीचं जेवण ‘जड होतं’ म्हणून सुटलं. शेजारीण म्हणते, ‘काय छान बारीक झालीय गं तुझी लेक!’ आई सुखावते, कारण पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत. अष्टमीतल्या बायकांच्या बैठकांत हे कौतुक इतक्यांदा कानावर येतं की आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. खाण्याच्या मानसिक आजाराची सुरुवातीची लक्षणं म्हणून आम्ही एम.एस.डब्ल्यू.ला जे शिकलो, ते आणि आपल्या घरातलं ‘मुलीला चांगलं वळण’ यांत फरक करणं कठीण आहे. कमी खायचं, सर्वांच्या मागून खायचं, दुसऱ्याला आग्रहानं वाढायचं आणि स्वतः ‘माझं झालंय’ म्हणायचं. ज्या घरानं हे सगळं शिकवलं, त्या घराला ते दुखणं कसं दिसणार?

चळवळीतल्याच काही मैत्रिणी म्हणतात, हे मुंबईच्या खात्यापित्या घरांचं खूळ. इथे कातकरीवाडीवर पोटभर मिळत नाही त्याचं बोला. बोलूच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांत 54 जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. 15 ते 19 वयाच्या मुलींत तर 57. ही लाजेची गोष्ट आहे. पण याच आकड्याच्या आड दुसरी उपाशी मुलगी लपते. शाळेत चक्कर आली की रक्त कमी म्हणायचं, लोहाची निळी गोळी द्यायची, संपलं. डब्यातली भाकरी कुठे गेली हे कुणी विचारत नाही. वाडीवरच्या मुलीला ताट हवंय आणि ते मिळत नाही; हिच्यापुढे ताट आहे आणि ती ते सरकवते. दोन्ही भुका एक नाहीत, त्यांचे उपायही एक नाहीत. पण बाईच्या भुकेला घरात किंमत नसते, हा नियम दोघींच्या मुळाशी आहे. विधवेला दिवसातून एकदाच जेवू देणाऱ्या घरांबद्दल पंडिता रमाबाईंनी 1887 साली लिहिलं. ती सक्ती उघड होती. आता मुलगी स्वतःच स्वतःवर सक्ती करते आणि आपण तिला शाबासकी देतो.

पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराची मोठी खूण म्हणजे लठ्ठ होण्याची भीती. आपल्याकडे तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. 1995 मध्ये खंडेलवाल, शरण आणि सक्सेना या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच भारतीय तरुणींची हकिगत प्रसिद्ध केली. खायला नकार, सततच्या उलट्या, झपाट्यानं घटलेलं वजन, बंद झालेली पाळी, हे सगळं होतं. पण ‘मी जाड दिसते’ ही ठरावीक तक्रार नव्हती. आपल्याही मुली म्हणतील, पोट गच्च वाटतं, मळमळतं, आज उपास आहे. अर्थात हातात मोबाइल आल्यापासून ‘जाड दिसते’ म्हणणाऱ्याही वाढल्यात. दोघींकडे लक्ष हवं.

उपास म्हणजे आजार नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर आमच्यावर धर्मबुडवेपणाचा शिक्का बसायचा! पण उपास सुटतो. हरितालिका दुसऱ्या दिवशी सुटते, रोजा सूर्यास्ताला सुटतो आणि मग माणूस चवीनं जेवतो. जिचा उपास सुटतच नाही, जी साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना करून वाढते आणि स्वतः एक घास घेत नाही, जी पंगतीत बसायचं टाळते, तिच्याकडे बघा. भाकरीचे बारीक तुकडे करून ताटात फिरवते का? जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवते का? जुलाबाच्या गोळ्या कपाटात सापडतात का? उन्हाळ्यातही ढगळ कपडे, सारखी थंडी वाजणं, केस गळणं, चुकलेली पाळी. बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण, गाल सुजल्यासारखे. ओकारी काढणारीचं वजन पुष्कळदा बेताचंच असतं, म्हणून ती कुणालाच आजारी वाटत नाही. तीन महिन्यांत सहा किलो उतरलं तर ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून सोडू नका. (मुलग्यांनाही हे होतं, व्यायामशाळेच्या नादात जेवण मोजणारे मुलगे आमच्या आळीतही आहेत.)

अशा मुलीला दामटून भरवू नका, अंगारेधुपारे नकोत, आणि ‘लग्न झालं की खाईल’ हे तर नकोच. एकटीला गाठा. वजनाचा विषय न काढता विचारा, ‘तुला जेवताना भीती वाटते का गं?’ फार खंगलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालणंही जिवावर बेतू शकतं. तिला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच अन्नावर आणावं लागतं. चक्कर, छातीत धडधड, पाण्यालाही नकार असेल तर त्याच दिवशी दवाखाना. मानसिक आजारांत जीव घेणाऱ्या आजारांमध्ये हा फार वरचा आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी खर्चातून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेली-मानसची फुकट मदत मिळते, मराठीतही बोलता येतं. पण अष्टमीच्या आईनं कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्याला जायचं आणि तिथून मनाच्या डॉक्टरसाठी अलिबाग गाठायचं, तेही दिवसाची मजुरी बुडवून, शेजाऱ्यांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत? हा हक्क आहे की थट्टा? मानसोपचारतज्ज्ञानं ठरलेल्या दिवशी तालुक्याला यावं, अशी लेखी मागणी गटागटांनी करायला हवी.

तोवर दोन कामं आपल्या हातातली. शाळेत वर्गासमोर मुलींची वजनं मोठ्यानं वाचली जात असतील तर जाऊन ते थांबवा. वजन आडोशाला घ्या, कानात सांगा. आणि आपापल्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा अर्ज मागवून बघा. त्यात ‘वर्ण’ आणि ‘बांधा’ असे रकाने असले तर मंडळाच्या सभेत उठून उभ्या राहा आणि अर्ज छापायला जाण्याआधी ते काढायला लावा.