आधी शिकाऊ विमान, मग सुखोई

नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी ३० सप्टेंबर २०२१ रोजी हवाई दलाचे प्रमुख झाले. बिलोली तालुक्यात सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाची सैनिकी शाळा आहे. देगलूर, औराद करत गेले की काही तासांत बिदर येते आणि तिथल्या तळावर लढाऊ विमानांचे भावी वैमानिक हॉक विमानावर घडतात. अशा टापूतल्या मुलाने वा मुलीने लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरचा हट्ट धरला तर त्यात नवल नाही. नवल वाटते ते निवडीच्या रीतीचे. यूट्यूबवर सर्वांत झगमगीत दिसणारा, जमल्यास सुखोई नाहीतर राफेलच्या तोडीचे विमान देणारा सिम्युलेटर शोधायचा, तो उतरवायला आठवडे घालवायचे, पहिल्याच संध्याकाळी विमान पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटायचे आणि महिन्याच्या आत कंटाळून क्रिकेटच्या गेमकडे वळायचे. माझे म्हणणे असे की पहिला सिम्युलेटर निवडताना ‘यात सर्वांत भारी विमान कोणते’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते हे, की यात सर्वांत संथ आणि साधे विमान कोणते, ते कितपत खरे उडते आणि घरात आज आहे त्या संगणकावर चालते का.

यासाठी गेम आणि सिम्युलेटर यांतला फरक आधी नीट कळायला हवा. हवाई दलाने २०१९ मध्ये ‘इंडियन एअर फोर्स: अ कट अबव्ह’ हा मोबाईल गेम आणला. तरुणांना हवाई दलाकडे ओढण्याचे काम त्याने करावे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावर उडायला शिकता येईल असे कुणी समजू नये. गेममधले विमान बोट फिरवले की वळते. सिम्युलेटरमधले विमान वळेल की नाही हे वेग, उंची, वजन आणि पंख हवेला किती कोनात भिडतो आहे यावर ठरते. नवखा माणूस शत्रूच्या मागे वळताना दांडी पोटाशी ओढतो. पंखाचा कोन मर्यादेबाहेर जातो, पंखाला चिकटून वाहणारी हवा सुटते, उचल तुटते आणि विमान एका पंखावर कलंडून खाली निघते. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही हे घडते. याला स्टॉल म्हणतात. घाबरलेला नवखा दांडी आणखी ओढतो आणि प्रकरण आणखी बिघडते. उपाय नेमका उलटा आहे: दांडी पुढे सोडायची, नाक खाली जाऊ द्यायचे, उंची गमावून वेग कमवायचा. ही एक गोष्ट अंगवळणी पडली की पुढचे निम्मे काम सोपे होते. ती पडते संथ विमानावर, कारण तिथे चूक कळायला आणि सुधारायला दोन-चार सेकंद जास्त मिळतात.

हे काही माझ्या पदरचे शहाणपण नाही. आपले हवाई दल हेच करते, आणि न केल्याची किंमतही त्याने मोजलेली आहे. दवाखान्यासाठी, कामधंद्यासाठी बिलोलीकर ज्या हैदराबादची वाट धरतात, त्या शहराच्या कडेला दुंडीगलच्या अकादमीत कॅडेट पंख्याच्या पिलाटस विमानावर पहिले धडे गिरवतात. त्यानंतर हकीमपेटला किरण हे जुने, शांत स्वभावाचे जेट. लढाऊ विमानांसाठी निवडलेले पुढे बिदरला हॉकवर येतात आणि त्यानंतर कुठे खऱ्या लढाऊ विमानाला हात लागतो. यातली बिदरची पायरी फार उशिरा आली. त्याआधी किरण किंवा पोलंडच्या इस्क्रा विमानावरून उतरलेला विशी-बाविशीतला तरुण थेट मिग-२१ वर चढत असे, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकणाऱ्या विमानावर. मधल्या पायरीसाठी प्रगत शिकाऊ जेट घ्यावे अशी शिफारस उड्डाण सुरक्षेवरच्या ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच केली होती. हॉकच्या खरेदीचा करार झाला २००४ मध्ये आणि पहिली विमाने बिदरला रीतसर दाखल झाली २००८ मध्ये. मधल्या पंचवीसेक वर्षांत मिग-२१ चे जे अपघात झाले, त्या सगळ्यांचे खापर या एका उणिवेवर फोडता येणार नाही. यंत्र बिघडले, पक्षी धडकले, विमाने म्हातारी झाली. पण संथ जेटवरून एकदम अतिवेगवान जेटवर घेतलेली उडी हे त्या अपघातांचे एक मान्य कारण होते, आणि हॉकची सारी धडपड ती उडी लहान करण्यासाठीच होती. मिग-२१ ला हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडमध्ये निरोप दिला. बिदरचे हॉक आजही रोज उडतात.

यावर कुणी म्हणेल, तिथे माणसे मरत होती, इथे पडद्यावर कोण मरते? शंभर वेळा आपटा, पुन्हा बटण दाबा. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. सिम्युलेटरमध्ये मरत नाही हे खरे. नाद मात्र लवकर सुटतो. आधुनिक जेटचा हुबेहूब सिम्युलेटर म्हणजे इंजिन सुरू करायलाच डझनावारी बटणे, त्यावर रडारच्या निरनिराळ्या रीती, क्षेपणास्त्रांचे पडदे आणि शेकडो पानांची पुस्तिका. विमान सरळ ठेवायलाच ज्याचे सगळे लक्ष खर्च होते, त्याच्याकडे रडार बघायला लक्ष उरत नाही. मग एकतर तो आपोआप उडण्याच्या सोयी चालू करतो आणि विमान कसे उडते हे शिकतच नाही, नाहीतर सोडून देतो. लक्षाच्या या वाटणीबद्दल एक जुना, चांगला पुरावा आहे. इस्रायलच्या हवाई दलातल्या कॅडेटांना ‘स्पेस फोर्ट्रेस’ नावाच्या संगणकीय खेळावर सुमारे दहा तास सराव दिला गेला आणि पुढे प्रत्यक्ष उड्डाणात ते तो सराव न केलेल्यांपेक्षा सरस ठरले. डॅनियल गोफर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत अशी की त्या खेळात ना विमान होते, ना कॉकपिट. काळ्या पडद्यावर रेषांनी काढलेले एक यान आणि एक किल्ला, बस. कॅडेट शिकले ते चार गोष्टींवर एकाच वेळी लक्ष कसे ठेवायचे, एवढेच. ज्या तालुक्यात ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घरोघरी नाही, तिथे हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. चित्राच्या झगमगाटावर शिक्षण अवलंबून नाही.

आता व्यवहाराचे बोलू. ‘डीसीएस वर्ल्ड’ हा आजचा सर्वांत नावाजलेला लढाऊ सिम्युलेटर. तो फुकट उतरवता येतो आणि सोबत दोन विमाने फुकट मिळतात: जमिनीवर मारा करणारे रशियन सुखोई-२५टी आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मुस्टँगचे बंदुका नसलेले टीएफ-५१डी. पण तो शंभर जीबीहून जास्त जागा खातो आणि किमान सोळा जीबी रॅम व बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड मागतो. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबी डेटावर तो उतरवायचा म्हटले तर दोन महिन्यांहून अधिक काळ दुसरे काही बघायला नको. शिवाय फुकटाची दोन सोडली तर एकेका विमानाला काही हजार रुपये पडतात. साध्या लॅपटॉपवाल्याने त्याच्या नादी लागू नये. त्याच्यासाठी ‘आयएल-२ स्टर्मोव्हिक: १९४६’ हा २००६ चा जुना सिम्युलेटर आहे. दुसऱ्या महायुद्धातली दोनशेच्या वर विमाने, किंमत काहीशे रुपये, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावरही तो धावतो. चित्रे जुनाट दिसतात, हे कबूल. पण स्टॉल खरा आहे आणि त्यात हरिकेन हे विमान आहे, जे भारतीय हवाई दलाने ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडवले. ‘वॉर थंडर’ फुकट आहे, हलका आहे, म्हणून पोरांचा ओढा तिकडे असतो. त्यातला सिम्युलेटर हा प्रकार वाईट नाही. पण बहुतेक जण माऊस धरून सोप्या प्रकारातच रमतात आणि पुढचे विमान लवकर मिळावे म्हणून पैसे मोजण्याचा मोह तिथे पावलोपावली असतो. बापाच्या यूपीआयशी जोडलेल्या फोनवर तर तो अजिबात नको.

विमान विकत घेण्याआधी जॉयस्टिक घ्या, हे मात्र सर्वांना सारखेच लागू. कीबोर्डची कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते; ‘थोडीशी’ हा प्रकार तिला ठाऊक नाही, आणि उड्डाण सगळे ‘थोडेसे’ यावर चालते. मुठीला पीळ देऊन रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे पाते, चालवता येणारी साधी जॉयस्टिक काही हजारांत मिळते. तिचा उपयोग कळायला टीएफ-५१डी चे एक उड्डाण पुरे आहे. धावपट्टीवर उभे राहायचे, थ्रॉटल हळूहळू पुढे सरकवायचा. सुमारे दीड हजार अश्वशक्तीचे इंजिन पंखा फिरवू लागले की विमान सरळ जात नाही. नाक डावीकडे ओढले जाते. उजवा रडर द्यावा लागतो, पण वेग वाढेल तसा तो कमी करत जायचा, नाहीतर विमान उजवीकडच्या गवतात. सुरुवातीला शेपटीचे चाक जमिनीवर दाबून ठेवायला दांडी मागे, मग शेपटी हलकी झाली की दांडी सैल, मग चाके सुटतात. हे सगळे अर्ध्या मिनिटात. पहिल्या दिवशी जमत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी जमते, आणि जमते तेव्हा पाय, हात आणि डोळा एकत्र कामाला लागलेले असतात. आधुनिक जेटमध्ये हे बरेचसे संगणक परस्पर करून टाकतो. म्हणूनच ते नुसते उडवायला सोपे वाटते आणि म्हणूनच शिकवत कमी.

खरा अवघड आक्षेप हौसेचा आहे. मुलाला हवे आहे सुखोई, त्याच्या हाती ऐंशी वर्षांपूर्वीचे पंख्याचे विमान दिले तर तो टिकेल कशाला? हौस हेच इंधन, तेच काढून घेतले तर विमान जागचे हलणार नाही, हे मान्य. पण यातून वाट आहे. डीसीएसच्या स्वतःच्या दुकानात बहुतेक विमाने चौदा दिवस फुकट वापरून बघता येतात. तिथे मिग-२१बिस आहे, आपल्याच हवाई दलाने पिढ्यानपिढ्या उडवलेले. महिनाभर मुस्टँग उडवून झाले, दहापैकी आठ वेळा नीट उतरवता आले, की ते चौदा दिवस मिगसाठी वापरावेत. ओढ कायम राहते आणि तरुण वैमानिकांना ती उडी का जड गेली हेही हाताला कळते. उलट पहिल्याच दिवशी हे चौदा दिवस उधळले तर इंजिन सुरू करण्यातच ते संपतील.

पालकांच्या दोन शंका वेगवेगळ्या आहेत. एक, हा मारामारीचा खेळ. यात तथ्य आहेच. लढाऊ सिम्युलेटरमध्ये शेवटी कुणीतरी कुणाला तरी पाडतो. पण खऱ्या सिम्युलेटरमध्ये तासातली गोळीबाराची मिनिटे बोटांवर मोजता येतील. बाकीचा वेळ उड्डाण, दिशा, इंधन आणि उतरणे यात जातो. पाच सेकंदांत पाच जण मारणाऱ्या मोबाईल गेमपेक्षा हा खूपच संयमाचा प्रकार आहे, आणि तेवढेही नको असेल तर ‘फ्लाइटगिअर’ हा साध्या विमानांचा मुक्त सिम्युलेटर आहे. दुसरी शंका उलट्या बाजूची, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते: यामुळे पोरगा एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जाईल का? या हिशेबाने कुणी पैसे घालू नयेत. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० गुण असतात, त्यातले ३०० गणिताचे. त्यात सिम्युलेटर काडीची मदत करत नाही. पुढे वैमानिक होण्याची क्षमता तपासणारी संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. ती मुळात कल तपासते, पाठांतर नव्हे. तेव्हा कुणी ‘सिम्युलेटरवर तयारी करून देतो’ म्हणत क्लास काढला तर त्याच्यापासून लांब राहा. वळताना शरीरावर पडणारा भार, भोवळ, भीती यातले काहीही खुर्चीत बसून कळत नाही. मग उपयोग काय? वेग, उंची आणि कोन यांचे नाते पुस्तकातल्या आकृतीऐवजी स्वतःच्या चुकीतून कळते, आणि बारावीच्या भौतिकशास्त्राला एवढे पुष्कळ झाले.

सगरोळी, बिलोली, कुंडलवाडीच्या शाळांना म्हणूनच एक सूचना करावीशी वाटते. संगणक कक्षातल्या एखाद्या जुन्या यंत्रावर आयएल-२ बसवा, एक जॉयस्टिक जोडा आणि ते भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या ताब्यात द्या. २०२२ पासून एनडीएत मुलीही जातात, तेव्हा पाळी लावताना त्यांची नावे विसरू नका. सगळा खर्च एका चांगल्या क्रिकेट किटच्या आत बसतो. आणि पहिले सहा आठवडे कुणालाही गोळी झाडू देऊ नका. फक्त उडवायचे आणि उतरवायचे.