छताला टांगलेले फुगे : ५ मे १९६९च्या सामन्याचा अंदाज, निकाल विसरून

१/ मित्रहो, आज इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत अवघड जाणारी एक गोष्ट करून पाहू. समजा, आज रविवार, ४ मे १९६९. आपण लॉस एंजेलिसमधील एका वृत्तपत्राच्या क्रीडा विभागात बसलो आहोत. उद्या एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम मालिकेचा सातवा आणि शेवटचा सामना आहे. लॉस एंजेलिस लेकर्स ३, बॉस्टन सेल्टिक्स ३. संपादकांना रात्रीपर्यंत लेख हवा आहे : उद्या कोण जिंकेल?

२/ अट एकच. ५ मेनंतरचे काहीही आपल्याला ठाऊक नाही. निकाल माहीत असेल तर तो या धाग्यापुरता विसरावा. त्या रात्री हाताशी असलेल्या पुराव्यावर प्रामाणिक लेखकाने कोणाचे नाव लिहायला हवे होते, आणि निकालानंतर त्याला मूर्ख ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा आजचा प्रश्न.

३/ प्रथम यजमान. लेकर्सकडे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर हे दोन थोर खेळाडू कित्येक वर्षांपासून आहेत. १९६८च्या उन्हाळ्यात त्यांनी फिलाडेल्फियाकडून विल्ट चेंबरलेनला आणले. एका सामन्यात १०० गुण करणारा हाच तो महाकाय खेळाडू. साखळी हंगामात लेकर्सनी ८२ पैकी ५५ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात पहिले स्थान मिळवले.

४/ आता पाहुणे. सेल्टिक्स ४८ विजयांसह पूर्व विभागात चौथे आले. बिल रसेल ३५ वर्षांचा आहे, सॅम जोन्सही तितक्याच वयाचा आणि हा त्याचा अखेरचा हंगाम. रसेल संघाचा प्रशिक्षकही आहे. १९६६मध्ये ही जबाबदारी स्वीकारली तेव्हा तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरला. मैदानावर घाम गाळायचा आणि त्याच वेळी कोणाला विश्रांती द्यायची तेही ठरवायचे, असा त्याचा दुहेरी संसार.

५/ मालिकेचा प्रवास पाहा. २३ एप्रिलला पहिला सामना लेकर्सनी १२०-११८ असा जिंकला, त्यात वेस्टचे ५३ गुण. दुसराही त्यांचाच, ११८-११२. मग मालिका बॉस्टनला गेली. तिसरा सेल्टिक्सने १११-१०५ असा घेतला. चौथा ८९-८८. तिथे अखेरच्या क्षणी सॅम जोन्सने चेंडू बास्केटमध्ये टाकला नसता, तर लेकर्स ३-१ने पुढे गेले असते.

६/ १ मे रोजी लॉस एंजेलिसला लेकर्स ११७-१०४, ३ मे रोजी बॉस्टनला सेल्टिक्स ९९-९०. आणि ५ मे रोजी पुन्हा लॉस एंजेलिस. दोन्ही संघ दर दोन दिवसांनी देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जात आहेत. पस्तिशीच्या गुडघ्यांना हा प्रवास काय म्हणत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

७/ या सहा सामन्यांत एक गोष्ट ठळक दिसते : प्रत्येक वेळी यजमान जिंकला. उद्या यजमान लेकर्स आहेत. त्याआधीचा इतिहासही हेच सांगतो. एनबीएची अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, असे १९५१, १९५२, १९५४, १९५५, १९५७, १९६०, १९६२ आणि १९६६ या आठ वर्षी घडले. आठही वेळा यजमान जिंकले.

८/ आता थोडे गणित. सहा सामन्यांतले सारे गुण मांडले तर लेकर्स ६३८, सेल्टिक्स ६३३. सहा सामन्यांत फरक पाच गुणांचा, म्हणजे सामन्यामागे एका गुणाहूनही कमी! दोन संघ इतके समसमान असताना ‘सहज जिंकतील’ हा शब्दप्रयोग कोणत्याही लेखकाच्या लेखणीला शोभणार नाही.

९/ शिवाय एक दुखणे आहे. पाचव्या सामन्याच्या अखेरीस वेस्टच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. या मालिकेत लेकर्सचे आक्रमण त्याच्याच खांद्यावर आहे. उद्या तो खेळेल, पण त्याच्या पायात किती बळ उरले असेल? सामनापूर्व लेखात हा मुद्दा यायलाच हवा, कारण लेकर्सच्या बाजूचे सर्वांत मोठे प्रश्नचिन्ह हेच.

१०/ सेल्टिक्सचा मोठा आधार म्हणजे रसेलचा इतिहास. तो आजवर नऊ ‘सातवे सामने’ खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. ही आकडेवारी वाचून कोणाचेही मन डळमळेल. मात्र अभ्यासकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा : हे सामने झाले कुठे? नऊपैकी आठ बॉस्टनमध्ये. परक्या मैदानावर एकच, १९६८ साली फिलाडेल्फियात.

११/ आणि ते जिंकले किती फरकाने? चेंबरलेनच्या संघांविरुद्ध १९६२मध्ये २ गुणांनी, १९६५मध्ये १ गुणाने, १९६८मध्ये ४ गुणांनी. लेकर्सविरुद्ध १९६२मध्ये जादा वेळेत ३ गुणांनी, १९६६मध्ये २ गुणांनी. पाच सामने, एकूण फरक १२ गुण. या बारा गुणांवर दोन माणसांच्या कपाळी ‘विजेता’ आणि ‘पराभूत’ असे शिक्के बसले.

१२/ १९६२चा सातवा सामना आठवा. बरोबरी असताना नियमित वेळेच्या अगदी शेवटी लेकर्सच्या फ्रँक सेल्वीने चेंडू फेकला. तो आत गेला असता तर अजिंक्यपद लेकर्सचे होते. चेंडू कडेला लागून बाहेर आला. वेस्ट आणि बेलर यांच्याविषयी आपण जे काही बोलतो, त्यातले किती त्या लोखंडी कड्याच्या जाडीवर अवलंबून आहे?

१३/ इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पाचही अटीतटीचे सामने एकाच संघाने जिंकावेत हा योगायोग कसा? पूर्ण योगायोग तो नव्हेच. रसेलचा बचाव, सहकाऱ्यांचा एकमेकांवरील विश्वास, दडपणाखाली न ढळणारी शिस्त, ही खरी गुणवत्ता होती. माझे म्हणणे इतकेच की या गुणवत्तेमुळे पारडे झुकते, पण निकाल आधीच लिहून ठेवला जात नाही.

१४/ तेव्हा आपला लेख असा असेल : ‘सामना अटीतटीचा होईल. घरचे मैदान, ताजेतवाने पाय आणि साखळीतील कामगिरी पाहता पारडे किंचित लेकर्सकडे झुकते. मात्र वेस्टचा पाय आणि रसेलचा अनुभव पाहता सेल्टिक्सचा विजय हा चमत्कार मानू नये.’ माझ्या मते ४ मेच्या रात्री याहून प्रामाणिक लेख लिहिणे शक्य नव्हते.

१५/ परंतु त्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये वेगळीच तयारी चालली होती. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनी ‘फोरम’ या आपल्या क्रीडागृहाच्या छताला जाळ्यांत भरलेले हजारो फुगे टांगून ठेवले होते. विजयानंतर फुगे केव्हा सोडायचे, वाद्यवृंदाने कोणती धून वाजवायची, कोणत्या खेळाडूची मुलाखत आधी घ्यायची, याचा छापील कार्यक्रम तयार होता. तो कागद रसेलच्याही हाती पडला.

१६/ आता ५ मे. सेल्टिक्स तीन सत्रांअखेर ९१-७६ असे पुढे. चौथ्या सत्रात लेकर्सनी पाठलाग सुरू केला. सहाएक मिनिटे उरली असताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. थोड्या वेळाने त्याने परतण्याची तयारी दाखवली, पण प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी त्याला अखेरपर्यंत बाकावरच ठेवले. फरक एका गुणावर आला.

१७/ शेवटचे मिनिट जवळ आले तेव्हा डॉन नेल्सनच्या हाती अनपेक्षितपणे चेंडू आला. त्याने तो फेकला. चेंडू कड्याच्या मागच्या बाजूला आपटला, सरळ वर उडाला आणि खाली येताना जाळीतून गेला. नेल्सन हा पूर्वी लेकर्सचाच खेळाडू. त्यांनी सोडल्यावर बॉस्टनने त्याला घेतले होते. अंतिम गुण : सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच राहिले.

१८/ वेस्टने दुखऱ्या पायाने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट अशी कामगिरी केली. अंतिम मालिकेच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी प्रथमच दिला गेला आणि तो पराभूत संघातील वेस्टला मिळाला. हरलेल्या संघाच्या खेळाडूला हा मान मिळण्याचा तो आजवरचा एकमेव प्रसंग. रसेल त्यानंतर निवृत्त झाला. तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे ही त्याची शिदोरी.

१९/ पुन्हा तेच गणित करू. सातही सामन्यांचे गुण : लेकर्स ७४४, सेल्टिक्स ७४१. तीन गुण अधिक करणारा संघ मालिका हरला! अजिंक्यपद सामने जिंकून मिळते, एकूण गुणांवर नव्हे. सेल्टिक्सचा विजय निर्विवाद आहे. पण ‘लेकर्सच्या अंगी विजेत्याची वृत्ती नव्हती’ हे वाक्य या आकड्यांसमोर उभे राहू शकत नाही.

२०/ तरीही हे वाक्य वर्षानुवर्षे उच्चारले गेले. सर्वाधिक टीका चेंबरलेनच्या वाट्याला आली : मोठ्या क्षणी तो माघार घेतो, म्हणे. हाच चेंबरलेन १९६७मध्ये फिलाडेल्फियाकडून सेल्टिक्सला हरवून अजिंक्य ठरला होता, हे सोयीस्करपणे विसरले गेले. नेल्सनचा चेंडू कड्यावरून बाहेर पडला असता, तर कदाचित त्याच गुडघ्याच्या दुखण्यावर शौर्यकथा रचली गेली असती.

२१/ हा दोष क्रीडालेखकांपुरता मर्यादित नाही. पानिपताविषयी बोलताना आपणही तेच करतो. १४ जानेवारी १७६१चा निकाल ठाऊक असल्यामुळे भाऊसाहेबांचा प्रत्येक निर्णय चुकीचा वाटू लागतो. मात्र जेमतेम वर्षभरापूर्वी उदगीरला निजामाचा पराभव करणारे सेनापती तेच होते. १७६०मध्ये त्यांना जे दिसत होते, ते पाहण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो.

२२/ फुग्यांची गोष्ट नेहमी अहंकाराचा धडा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरा दोष दिसतो. लेकर्स जिंकण्याची शक्यता अधिक आहे, हे कुक यांचे अनुमान चूक नव्हते. चूक ही की त्यांनी शक्यतेलाच निकाल मानले. आणि निकालानंतर ‘हे असेच घडणार होते’ म्हणणारा इतिहासकार नेमकी हीच चूक उलट दिशेने करतो. त्याचेही फुगे टांगलेले असतात. फक्त ते दुसऱ्या दिवशी टांगलेले असतात.

२३/ पुढे अंतिम मालिकेतील सातवा सामना पाहुण्यांनी जिंकल्याची आणखी तीनच उदाहरणे घडली : १९७४मध्ये सेल्टिक्स, १९७८मध्ये वॉशिंग्टन बुलेट्स, २०१६मध्ये क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. २०२५पर्यंत असे वीस सामने झाले. त्यांपैकी सोळा यजमानांचे. म्हणजे यजमानाच्या बाजूने अंदाज बांधण्याचा १९६९चा नियम आजही बहुधा खराच ठरतो. एका रात्रीच्या अपवादाने नियम खोटा होत नाही.

२४/ म्हणून इतिहासप्रेमी तरुण मित्रांना एक सुचवतो. पुढच्या कोणत्याही मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री आपला अंदाज कारणांसह वहीत लिहून ठेवा. निकालानंतर त्यात एक अक्षरही बदलू नका. मग पाहा, सामना संपताच आपले मन किती चतुराईने ‘मला वाटलेच होते’ म्हणू लागते. लढाया, निवडणुका, तह यांविषयी वाचताना ती वही जवळ असू द्या.

२५/ हरलेल्या माणसाला न्याय देणे म्हणजे जिंकलेल्याचा मान कमी करणे नव्हे. रसेल थोरच होता, आणि वेस्टही त्या रात्री तितकाच थोर होता. दोघांमध्ये अंतर पडले ते कड्यावरून वर उडालेल्या एका चेंडूइतके. आपल्या वाचनातील असा एखादा प्रसंग, जिथे निकालाने माणसाचे मूल्यमापन झाकोळले, तो अवश्य लिहा. धागा समाप्त.