3.14 आणि केसपेपरची खिडकी

3.14 म्हटलं की तुमच्या डोक्यात काय येतं? अर्थात, पायची किंमत! शाळेपासून घोकत आलोय आपण. पण 1 डिसेंबरच्या पोस्टर स्पर्धेसाठी माहिती गोळा करताना हाच आकडा मला भलत्याच ठिकाणी भेटला. 'नाको'च्या 2017 च्या पाहणीत तृतीयपंथी व्यक्तींमधलं एचआयव्हीचं प्रमाण होतं 3.14 टक्के. त्याच वर्षी देशातल्या प्रौढांमधलं अंदाजे प्रमाण होतं 0.22 टक्के. भागाकार करा. जवळजवळ 14 पट!

खोटं कशाला बोलू, माझा पहिला विचार होता, "त्यांचं राहणंच तसं, मग होणारच." तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आत्ता हेच आलं असेल.

आणि मग मला मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आठवली. रूममेट तापाने फणफणला होता. आम्ही त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरच्या रांगेत आमच्या पुढे एक तृतीयपंथी ताई होत्या. खिडकीतल्या माणसाने मोठ्याने विचारलं, "काय लिहू? बाई का बुवा?" मागची अख्खी रांग हसली. मग तेवढ्याच मोठ्याने, "काय होतंय?" त्या काहीच बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि केसपेपर न घेताच निघून गेल्या. आमचा नंबर लवकर आला म्हणून आम्हाला उलट बरंच वाटलं. आणि हो, हसणाऱ्यांत मीही होतो.

त्यांना काय होत होतं, मला माहीत नाही. साधा खोकलाही असेल. पण जिथे खोकला सांगायची सोय नाही, तिथे कोणी गुप्तरोगाची तक्रार किंवा एचआयव्हीची टेस्ट घेऊन येईल का? तुम्ही गेला असतात?

आपण इंजिनीअर लोक कुठलीही सिस्टीम अडली की बॉटलनेक शोधतो. इथे तो औषधात नाही. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. एआरटीच्या गोळ्या 2004 पासून मोफत मिळतात. त्या नियमित घेऊन विषाणू रक्ताच्या चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. म्हणजे प्लांट चालू आहे, पण इनपुटचा व्हॉल्व्हच बंद! घरच्यांनी हाकललं, शाळा सुटली, नोकरी कोणी देत नाही. मग पोटासाठी काही जणींना शरीरविक्री करावी लागते, आणि तिथे कंडोमचा हट्ट धरणं त्यांच्या हातात नसतं. एवढं सोसून दवाखान्यात यावं, तर आमच्यासारखे हसायला तयार.

कायदे नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या 'नालसा' निकालात तृतीयपंथीयांसाठी वेगळी एचआयव्ही तपासणी केंद्रं आणि इस्पितळात योग्य उपचार द्यायला सांगितले. गौरी सावंत या त्या लढ्यातल्या एक कार्यकर्त्या. त्यांची 'सखी चारचौघी' ही संस्था मुंबईत याच प्रश्नावर काम करत आली आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने उपचारातला भेदभाव बेकायदा ठरवला. पण खिडकीपर्यंत कायदा पोचतो कुठे?

काही जण म्हणतील, मग त्यांच्यासाठी वेगळे दवाखाने काढा. काढले होते की! 2021 मध्ये हैदराबादला 'मित्र क्लिनिक' सुरू झालं, पुढे पुणे आणि कल्याणलाही. काम करणाऱ्यांत तृतीयपंथीच जास्त, त्यामुळे तिथे मान खाली घालून बसावं लागत नव्हतं. पण 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली आणि तिन्ही बंद पडली. अशा दवाखान्यांची गरज आहेच. पण परक्या पैशाचा नळ कधीही बंद होऊ शकतो. गावोगावी असते ती साधी केसपेपरची खिडकी, आणि बदलायला हवी तीच. त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. नाव हळू विचारा, तक्रार आत डॉक्टरांसमोर विचारा, आणि ज्या नावाने हाक मारायला सांगितलंय त्याच नावाने मारा. बस्स.

प्राध्यापकांना एक विनंती. आपला रेड रिबन क्लब दर वर्षी पोस्टर लावतो आणि ती पावसात गळून पडतात. त्याऐवजी एनएसएसच्या मुलांना महिन्यातून एक दिवस सरकारी दवाखान्याच्या रांगेत मदतीला पाठवा ना! आणि हॉस्टेलकरांनो, मेसमध्ये कोणाला 'छक्का' म्हणून टाळ्या पिटण्याआधी जरा थांबा. खिडकीतला तो माणूसही कधीतरी कुठल्यातरी मेसमध्येच हे शिकला असेल.

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुकलंमाकलं पोटात घाला. पण त्या दिवशी त्या रांगेत जे चुकलं, ते भाषेचं नव्हतं.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल